मॅनेजर व्हायला गेलो त्याची गोष्ट

माझं नाव अश्वजित उंदीरवाडे. बुद्धांच्या पहिल्या पाच भिक्खूंमध्ये एक अश्वजित होते, म्हणून बाबांनी हौसेनं हे नाव ठेवलं. अर्थ पाहिला तर घोडे जिंकणारा. पुढे लगेच आडनावात उंदीर. एकेचाळीस वर्षं झाली, माझं आयुष्य या दोन जनावरांच्या मधे कुठेतरी अडकलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर घोड्यापेक्षा उंदराच्याच जास्त जवळ.

राहायला चामोर्शी. गावात मला 'फिल्टरवाले भाऊ' म्हणतात. त्याआधी 'बियाणेवाले' म्हणत, त्याच्याही आधी 'सिमवाले'. सतरा वर्षांत मी धानाचं बियाणं विकलं, मोबाइलची सिमं विकली, सोलरचे कंदील विकले आणि शेवटी पाणी शुद्ध करायची यंत्रं. विकण्यात माझा हात धरणारा या तालुक्यात कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं. हे मत असणारा तालुक्यात मी एकटाच होतो, हा भाग वेगळा. एकदा एका ग्रामपंचायतीत पंचवीस माणसांसमोर यंत्र लावून दाखवलं, तर पाणी गाळून खाली येण्याऐवजी बाजूनं सरपंचांच्या धोतरावर आलं. तेव्हाही मी "दाब किती आहे पहा!" असं म्हणून वेळ मारून नेली होती. यंत्र मात्र एकही गेलं नाही.

मग कंपनीनं जिल्ह्यातली एजन्सीच बंद केली. 'आपल्या सेवेबद्दल धन्यवाद' असा मेसेज आला, तो बहुतेक सगळ्यांना एकच पाठवला होता, कारण माझ्या नावाच्या जागी 'प्रिय सुनीता' असं होतं. माझ्याकडे उरले ते जाहिरातपत्रकांचे गठ्ठेच्या गठ्ठे. ते मी मागच्या पडवीत, धानाची पोती आणि मोटारसायकल यांच्या मधे रचून ठेवले.

बायको रिना उपकेंद्रात नर्स आहे. ती सकाळी लशींचा डबा घेऊन निघते तेव्हा मी अंगणात उभा राहून तिला हात हलवायचो. तीन आठवडे हात हलवून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही असे रोज उभे राहता ना, तर बाया मले विचारतात, तुझ्या मालकाले बरं नाई का?"

त्याच आठवड्यात आमची साक्षी, नववीत आहे, मोबाइल घेऊन आली. गडचिरोलीच्या कुठल्याशा ग्रुपवर जाहिरात होती. चंद्रपूर रोडवरच्या भांडेकर ऑटो सर्व्हिसमध्ये सेल्स मॅनेजर पाहिजे. अनुभव आवश्यक, वाहनांच्या सर्व्हिसिंगची माहिती असणाऱ्यास प्राधान्य.

"पप्पा, तुमाले गाड्याइची माहिती हाय?" तिनं विचारलं.

"विकनाऱ्याले माहिती नाई लागत बेटा, आत्मविश्वास लागते," मी म्हणालो. त्या दिवशी माझ्याकडे तो भरपूर होता.

बायोडाटा साक्षीनंच केला. नेटवरून एक तयार नमुना उतरवला आणि त्यात माझं नाव भरलं. दोन पानं इंग्रजीतून मराठी झालेली, झकास दिसत होती. मी वरवर पाहिली. एकाच ठिकाणी अडलो. 'मी ध्येयवेडा आहे' असं लिहिलं होतं. साक्षी म्हणाली, सगळेच लिहितात. मग ठीक आहे म्हटलं. शेवटचा परिच्छेद मी वाचलाच नाही. आपलाच बायोडाटा, त्यात काय वाचायचं?

रिनानं घरीच तालीम घेतली. तांदूळ निवडता निवडता ती प्रश्न विचारायची आणि मी पलंगावर ताठ बसून उत्तरं द्यायचो. "तुमचा सगळ्यात मोठा दोष कोन्ता?" असं तिनं विचारलं, आणि मी विचार करायला लागलो तेवढ्यात तिनं स्वतःच उत्तर द्यायला सुरुवात केली. तांदूळ निवडून झाले तरी ते उत्तर संपलं नव्हतं.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. सकाळी नऊला निघालो. अंगात लग्नातला काळा कोट. लग्नाच्या वेळी त्याच्या तिन्ही गुंड्या लागत. आता वरची एक लागते, तीही श्वास सोडल्यावर. गाडी माझी जुनीच, दोन हजार तेराची. बाजूच्या शेतांत धानाची कापणी जोरात, आणि रस्त्यानं लोहखनिजाचे ट्रक एकामागोमाग एक. प्रत्येक ट्रक मागे लाल धूळ सोडून जायचा आणि मी तिच्यातून बाहेर पडेपर्यंत पुढचा यायचा. पांढरा शर्ट अर्ध्या वाटेतच विटकरी झाला. गाडीनं वाटेत दोनदा खोकून पाहिलं. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. गेली कित्येक वर्षं आमचं असंच चालत आलं होतं.

भांडेकरांच्या फाटकापाशी मात्र तिनं मान टाकली. आधी फट् असा आवाज झाला, मग काळा धूर निघाला, आणि गाडी बरोबर फाटकाच्या मधोमध बंद पडली. किक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या किकला कोटाची ती एकुलती गुंडी तुटून कुठे गेली ते दिसलं नाही. मागे एक पिकअप उभी राहून हॉर्न देत होती.

शेडमधून एक मेकॅनिक धावत आला. काळासावळा, किडकिडीत, कानाला पेन्सिल अडकवलेली. नंतर कळलं, त्याचं नाव पोचू, सिरोंचाकडचा, तेलुगू बोलणारा. त्यानं गाडी ढकलत शेडमध्ये नेली आणि विचारलं, "पाहू का, अन्ना?"

"पहा पहा," मी रुमालानं तोंड पुसत म्हणालो. "काई नाई, थोडी गरम झाली असन. मी इथी मॅनेजरच्या इंटरव्ह्यूले आलो."

पोचूनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाना उचलला. चांगला माणूस आहे.

बाहेरच्या बाकावर आणखी एक उमेदवार बसला होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा, इस्त्रीचा निळा शर्ट, मांडीवर छोटा लॅपटॉप. विक्की खोब्रागडे. "जय भीम सर," म्हणाला. नागपूरच्या एका शोरूममध्ये चार वर्षं काढून आता आईसाठी परत आला होता. त्यानं मला बसायला जागा दिली, पाण्याची बाटली दिली, आणि हळूच सांगितलं, "सर, कानाजवळ थोडी काजळी लागली हाय." मी पुसली. ती गालावर पसरली. "आता राहू द्या सर," तो म्हणाला.

त्याचा इंटरव्ह्यू आधी झाला. हसतच बाहेर आला. मग मला बोलावलं.

आत टेबलामागे दिव्यानी भांडेकर बसल्या होत्या. वय बत्तीसच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, समोर वही. वडिलांनी एका ट्रॅक्टरच्या कामापासून उभं केलेलं हे गॅरेज आता त्याच चालवतात. बाजूला लाकडी खुर्चीवर त्यांचे वडील, मुखरूभाऊ. डोक्याला टोपी, हात गुडघ्यांवर.

"बसा भाऊ," दिव्यानीबाई म्हणाल्या. "बाबा पन बसतात इंटरव्ह्यूले. तीस वर्षं इंजिनाजवळ काढले, त्याइले आता कमी ऐकू येते. जरा मोठ्यानं बोलजा."

ऑफिसला दार होतं, पण ते लागत नव्हतं. पलीकडे शेडमध्ये सहा मेकॅनिक काम करत होते. मी घसा साफ केला.

"स्वतःबद्दल सांगा."

"मी ध्येयवेडा आहे!" मी ओरडलो.

मुखरूभाऊ पुढे वाकले. "कोन येडा हाय?"

"ध्येयवेडा, बाबा!" दिव्यानीबाई ओरडल्या.

"हाय का? बरं," मुखरूभाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. शेडमध्ये कोणाच्या तरी हातातून पाना पडला.

दिव्यानीबाईंनी बायोडाटा उलटला. "छंद... पोहणे, बुद्धिबळ, गिर्यारोहण." त्या थांबल्या. "गिर्यारोहण कुठी करता भाऊ?"

हा तो शेवटचा परिच्छेद. साक्षीनं नमुन्यातला तसाच ठेवला होता. पोहायचं म्हणाल तर वैनगंगेच्या काठावर जन्म जाऊनही मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेलो नाही. पण सतरा वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं.

"इकडच्याच एका टेकडीवर करत होतो! पण वनखात्यानं बंद केली!"

"टेकडी बंद केली?"

"चढनं बंद केलं!"

"काय म्हन्ते?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"डोंगर चढते म्हन्ते, बाबा!"

मुखरूभाऊंनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकले.

मला वाटलं, आता हातचं सगळं जायच्या आत आपल्या मुख्य विषयावर आलं पाहिजे. त्याच वेळी दिव्यानीबाईंनी विचारलं, "भाऊ, मानूस गाडी चालू हाय तोपर्यंत आमच्याकडे येत नाई. बंद पडली की येते. त्याले सर्व्हिसिंग कसं विकाल?"

हा प्रश्न रिनानं घेतला होता. मी उभाच राहिलो. हात पुढे केला, ग्रामपंचायतीत करायचो तसा.

"गाडी ही घरातल्या माणसासारखी असते!" मी गर्जना केली. "आपण लेकराला वेळेवर लस देतो! देतो की नाही? मग गाडीला का नाही? जो माणूस गाडीची काळजी घेत नाही, तो कुटुंबाची काय घेणार? हा संस्कार आहे! मी स्वतः दर तीन महिन्यांनी, कितीही काम असो, गाडीची सर्व्हिसिंग करतो! करतो म्हणजे करतो!"

शेडमधले आवाज थांबले होते. मला वाटलं, भाषण रंगलं.

दारात पोचू उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत जुना पेपर पसरलेला, आणि पेपरवर माझ्या गाडीचा एअर फिल्टर. म्हणजे फिल्टरचा डबा. आत फिल्टर असा राहिलाच नव्हता. होतं ते गोल, ऊबदार, व्यवस्थित विणलेलं घरटं. धानाचा कोंडा, तणसाचे धागे, आणि चहूबाजूंनी कुरतडलेल्या कागदाच्या निळ्या पट्ट्या.

"म्याडम," पोचू शांतपणे म्हणाला, "अन्नाच्या गाडीत इल्लू हाय. एलुका इल्लू."

इल्लू म्हणजे तेलुगूत घर. एलुका म्हणजे उंदीर.

दिव्यानीबाईंनी घरट्याकडे पाहिलं. मग बायोडाट्यावरच्या माझ्या आडनावाकडे. त्यांनी ओठ घट्ट दाबले. एक निळी पट्टी चिमटीत धरून उचलली आणि वाचली. माझ्याच पत्रकाचा तुकडा होता. 'शुद्धतेची हमी' एवढी अक्षरं उंदरानं शाबूत ठेवली होती.

"काय हाय थे?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"उंदराचं घर, बाबा! या भाऊंच्या गाडीत!"

"याइचं नाव काय?"

"उंदीरवाडे!"

मुखरूभाऊंचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांची टोपी मांडीवर पडली. शेडमध्ये तर कोणी टायरवर थाप मारून हसत होतं. मला स्वतःलाही हसू यायला पाहिजे होतं, पण तेव्हा आलं नाही. उभा होतो तो बसलो. काळजी घेणारा माणूस, संस्कार, लस, सगळं त्या पेपरवर कोंड्यात पडलेलं होतं. घरी रिनाला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दिव्यानीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पोचूला डबा टेबलावर ठेवून जायला सांगितलं, आणि वही उघडली.

"खरं सांगा भाऊ. शेवटची सर्व्हिसिंग कवा केली?"

"करोनाच्या आधी," मी म्हणालो.

"काऊन?"

मॅनेजरची जागा गेलीच होती. खोटं बोलायला आता काही कारणच राहिलं नव्हतं. मग मी सांगितलं.

"बाई, गाडी चालून राह्यली होती, हे एक. पन तेवढंच नाई. मांगच्या वेळी एका गॅरेजात गेल्तो. त्यानं सहा पार्टची नावं सांगितली. मले एकही समजलं नाई. पन मी मान हलवली, कारन बाजूले चार लोक उभे होते, आन् मी काई पोट्टा नाई ना. हो म्हनलो. संध्याकाळी गाडी घेतली, तर काय बदललं, काय नाई, मले अजून माहीत नाई. जुने पार्ट मागाची हिंमत नाई झाली. वाटलं, त्याले वाटन हा आपल्याले चोर समजते. मंग दुसऱ्या वर्षी जाऊ जाऊ म्हनत गेलोच नाई. जेवढं लांबलं, तेवढी लाज वाटाले लागली. एवढ्या दिवसांनी गाडी नेली तर मेकॅनिक काय म्हनन? गाडी उघडली का मानसाची अक्कल उघडी पडते ना. आन् सकाळी गाडी टाकली तर दिवसभर कुठी बसाचं? चामोर्शीची बस कवा सुटते थेही कोनी सांगत नाई. बाकी लोकाइचंही असंच असन. मले तरी असं वाटते."

दिव्यानीबाई लिहीत होत्या. त्यांनी एकदाही मधे थांबवलं नाही. मुखरूभाऊंनी खुर्ची पुढे ओढून घेतली होती.

"आता बरोबर सुरू झाला," ते म्हणाले. "पयले नुसता धूर काढत होता."

मी उठायला लागलो, तर दिव्यानीबाई म्हणाल्या, "थांबा. एक काम राह्यलं. तुम्ही आन् विक्की, दोघंही काउंटरवर उभे राहा. पुढचे दोन गिऱ्हाईक येतीन, त्याइच्याशी बोला. मी इथूनच पाहीन."

पहिलं गिऱ्हाईक विक्कीच्या वाट्याला आलं. एक मास्तर, नवी कार. विक्कीनं लॅपटॉप उघडला, चित्रं दाखवली, दोन विनोद केले, आणि दहा मिनिटांत मास्तर वर्षभराची सर्व्हिसिंग ठरवून, वर सीट कव्हर घेऊन गेले. मास्तर खूश, विक्की खूश. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

दुसरं गिऱ्हाईक माझं. शकुबाई. पन्नाशीच्या, नऊवारी, मोपेडवर मागे सुक्या मासोळ्यांची दोन पोती. आठवडी बाजार करत फिरतात.

"हॉर्न वाजत नाई गा," त्या म्हणाल्या. "तेवढा करून दे. बाकी काई सांगू नको, मले टाइम नाई."

मी भाषण सुरू करणार होतो. तोंडात 'गाडी ही घरातल्या' एवढं आलंही होतं. पण मागे ऑफिसच्या काचेतून ते घरटं दिसत होतं. मी गप्प बसलो आणि पोचूला हाक मारली. हॉर्नची तार सुटली होती. त्यानं दोन बोटांनी बसवली. पों वाजला. झालं. विक्री शून्य.

शकुबाई गाडीवर बसल्या आणि निघता निघता फाटकापाशी थांबल्या, कारण समोरून ट्रक येत होता. थांबल्या म्हणजे त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर घासले. फर्रर्र. माझं लक्ष त्यांच्या चपलांकडे गेलं. टाचेकडून तळ असा झिजला होता की रस्ता दिसावा.

मी धावलो. "बाई, ब्रेक पायानं लावता का?"

"मंग? हाताचा लागत नाई. वर्ष झालं. चप्पल बदलाची दर दोन महिन्यांनी."

मी माझा उजवा पाय वर केला. लग्नातला बूट, पण टाच तशीच तिरकी झिजलेली. "हे पहा. मीही असंच लावतो. मांगच्या महिन्यात एका गाईच्या अंगावर जाऊन थांबलो. गायच समजदार, बाजूले झाली."

शकुबाईंनी माझा बूट पाहिला. मग इतक्या मोठ्यानं हसल्या की पोती हलली. "बापा! तू गॅरेजवाला हाय ना?"

"अजून नाई," मी म्हणालो. "पन बाई, तुमच्या मांगं एवढं वजन हाय. उतारावर चप्पल काय करन? पोचूभाऊ ब्रेक पाहीन, जुने काढलेले तुमच्या हातात देईन. तुम्ही तिकडं बसा, अर्धा घंटा लागन. पटलं नाई तर तसेच बसवून देऊ."

त्या बसल्या. पोचूनं जुने ब्रेक शू काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. गुळगुळीत, पापडासारखे. त्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "घाल नवे."

विक्कीनं वर्षभराचं पॅकेज विकलं होतं. मी त्या गॅरेजमधली बहुधा सगळ्यात लहान वस्तू विकली होती.

घरी गेलो तेव्हा रिना दारातच होती. मी सगळं सांगितलं, घरट्यासकट. ती ऐकत होती ती 'दर तीन महिन्यांनी' या शब्दांवर थांबली. "तुम्ही? दर तीन महिन्यांनी?" मग ती खाली बसून हसली. साक्षी गिर्यारोहणावर हसली. त्या दोघींचं पाहून शेवटी मलाही हसू फुटलं, ते जेवताना पुन्हा फुटलं, आणि वरण नाकात गेलं.

खरी अडचण वेगळीच होती. रिनानं उपकेंद्रात आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी लेकरांना लस टोचून घ्यायला आलेल्या बाया तिला "मॅनेजरीनबाई" म्हणायला लागल्या. एकीनं तर जावयाच्या गाडीचं काम सांगितलं. रिना आली आणि म्हणाली, "आता काई तरी व्हाच लागन तुमाले. मी बायाइले काय सांगू?"

गुरुवारी दिव्यानीबाईंचा फोन आला.

"भाऊ, मॅनेजर म्हनून विक्कीले घेतलं."

"चांगलं केलं बाई," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. मीही त्यालाच घेतलं असतं.

"पन मले काउंटरवर एक मानूस पायजे. गाडी घेऊन येनाऱ्याशी बोलाचं, त्याले समजन असं सांगाचं, जुना पार्ट हातात द्याचा. तुम्ही त्या दिवशी जे सांगितलं ना, थे मी मेकॅनिक लोकाइले वाचून दाखवलं. त्याइले माहीतच नव्हतं का लोक लाजतात म्हनून. येता का?"

मी विचार करून कळवतो म्हणालो. मोठी माणसं असंच म्हणतात. मग अंगणात दोन चकरा मारल्या, विहिरीत डोकावून पाहिलं, आणि फोन लावला. रिना सांगते, मधे अकरा मिनिटं गेली होती. मला ती पुष्कळ वाटली.

आता आठ महिने झाले. विक्की माझा साहेब आहे आणि मला काका म्हणतो. सकाळी तो लॅपटॉपवर आकडे दाखवतो, मी मान हलवतो, आणि आता समजलं नाही तर सरळ विचारतो. पहिल्या महिन्यात मी जरा अतीच केलं. खरं बोलण्याची नवी नवी चव लागलेली. एकाला सांगितलं, तुमचे टायर अजून वर्ष जातात, बदलू नका. दुसऱ्याला सांगितलं, या गाडीवर खर्च करण्यापेक्षा ती विकून टाका. तो खरोखर विकून आला आणि पेढे देऊन गेला. दिव्यानीबाईंनी ऑफिसात बोलावलं. "भाऊ, खरं सांगा म्हनलं, पन गिऱ्हाईकच संपवू नका," म्हणाल्या. मुखरूभाऊंना काय झालं ते मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे सगळ्या शेडला कळलं.

माझ्या गाडीची सर्व्हिसिंग पोचू करतो. उघडायच्या आधी तो दर वेळी डब्यावर टकटक करतो आणि थोडा थांबतो. मला राग येत नाही. एकदा मीच त्याला विचारलं, "कोनी हाय का आत?"

मागच्या पंधरवड्यात कुरखेड्याला बाजाराच्या दिवशी आम्ही गाड्या तपासायचा कॅम्प लावला. मी लाऊडस्पीकरवर बोलायला सुरुवात केली, तर लोकांना वाटलं कुठल्या तरी पक्षाची सभा आहे, आणि सगळे दुसऱ्या बाजूनं जायला लागले. विक्कीनं माईक माझ्या हातातून काढून घेतला. "काका, तुम्ही खुर्चीवर बसा," म्हणाला. मी बसलो.

दुपारी एक म्हातारे बाबा येऊन समोर बसले. जंगूबाबा. गाडीतून आवाज येतो म्हणाले. कसा येतो ते तोंडानं काढून दाखवला. आधी टक् टक्, मग चढावर घर्रर्र, आणि सकाळी थंडीत शिट्टीसारखा. मी अर्धा तास ऐकलं. कार्डावर सगळं लिहिलं. मग गाडी कुठे उभी केली म्हणून विचारलं.

"गाडी?" जंगूबाबा म्हणाले. "थे तर मी होळीलेच विकली."

"मंग आवाज?"

"आवाज कशाचा होता, थे समजलंच नाई ना गा कधी. तू ऐकत होता, म्हनून सांगितलं."

पलीकडून विक्की विचारत होता, काका, गाडीचा नंबर काय लिहू? मी त्याला थोडं थांबायला सांगितलं आणि पोचूला हाक मारली. जंगूबाबांनी पुन्हा पहिल्यापासून आवाज काढून दाखवला. पोचूनं डोळे मिटून ऐकलं, कानाची पेन्सिल काढली, आणि टायमिंग चेन असणार म्हणाला. जंगूबाबांना बरं वाटलं. चहा पिऊन ते बाजारात गेले.